सूर कोणी लावायचा?

आपल्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संगीताच्या तासासाठी एक उत्तम प्रतीचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड भेट देण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. कमावते झाल्यावर ज्या शाळेने आपल्याला घडवले तिच्याकडे वळून पाहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या भावनेविषयी पूर्ण आदर बाळगून मी या स्मरणिकेच्या पानांवर एक वेगळी विनंती मांडू इच्छितो. तयार वाद्य देऊ नका. वाद्य घडवण्याचे साहित्य द्या, अवजारे द्या आणि शक्य असल्यास आपले काही रविवार द्या. मुलांना वाद्य वाजवता यावे याविषयी दुमत नाही. परंतु त्याचबरोबर त्यांना ते उघडता, जोडता आणि सुरात लावता आले पाहिजे, असे माझे मत आहे. त्यामागची कारणे पालकांसमोर आणि समाजबांधवांसमोर ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

मी इतिहासाचा विद्यार्थी. वीजशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि विज्ञान विषयाचे सहकारी आणि आठवी-नववीची मुले यांच्यासोबत गेली दोन वर्षे सुटीच्या वेळात एक घरगुती इलेक्ट्रॉनिक पेटी आकाराला येताना मी पाहिली आहे. तिचे सूर लावण्याच्या कामी माझाही कान लागला आहे. पुढील मजकूर त्या अनुभवावर आधारलेला आहे.

सुरुवात ५५५ या क्रमांकाच्या चिपपासून झाली. हान्स कॅमेन्झिंड या स्विस अभियंत्याने आखलेली ही चिप सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीने १९७२ साली बाजारात आणली. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती चहा-वड्याच्या पैशांत मिळते. तिचे तत्त्व साधे आहे. रेझिस्टरमधून आलेली वीज कपॅसिटरमध्ये साठत जाते, ठरावीक पातळी गाठताच तो रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. ही भरती-ओहोटी सेकंदाला २४० वेळा घडली की स्पीकरचा पडदा तितक्याच वेळा थरथरतो आणि आपल्याला एक स्थिर स्वर ऐकू येतो. रेझिस्टर बदलला की वेग बदलतो आणि वेग बदलला की स्वर बदलतो. आठ पट्ट्यांखाली आठ वेगवेगळे रेझिस्टर जोडले की एक सप्तक तयार होते. एवढे वाद्य मुलांनी एका दुपारीत उभे केले.

परंतु या वाद्याची मर्यादा त्याच दुपारी लक्षात आली. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर दोन स्वर उमटत नाहीत. दोन्ही रेझिस्टर मिळून कोणता तरी तिसराच, अधिक उंच स्वर निघतो. कंप निर्माण करणारा एकच आणि त्याला एकाच वेळी दोन हुकूम, अशी ही अवस्था. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा सुप्रसिद्ध आवाज कल्याणजींनी ज्या क्लॅव्हिओलाइनवर काढला, ते वाद्यही असेच एका वेळी एकच स्वर देणारे होते. एकट्या सुरावटीसाठी ते पुरेसे असते. मात्र षड्जाची साथ धरून गाणे वाजवायचे असेल किंवा दोन स्वरांचे नाते ऐकायचे असेल, तर प्रत्येक स्वराला स्वतंत्र अस्तित्व असलेले वाद्य लागते. अशा वाद्याला बहुस्वरी वाद्य म्हणता येईल.

आपल्या पालघर जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. वारली समाजाचा तारपा पाहा. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्या साहित्यातून हे वाद्य उभे राहते. एकाच श्वासावर त्याच्या दोन नळ्या एकत्र बोलतात. हातातील पेटी इलेक्ट्रॉनिक असली, तरी दोन आवाज एकमेकांच्या सोबतीने कसे नांदतात हा तिच्यापुढचा प्रश्न तारपा घडवणाऱ्या हातांनी फार पूर्वी सोडवला आहे. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांच्या गावी तारपा वाजतो. त्या मुलांना बहुस्वरी वाद्याची कल्पना समजावून सांगण्याची वेळ आमच्यावर आली नाही.

विजेच्या साहाय्याने बहुस्वरी वाद्य घडवण्याची एक प्रसिद्ध रीत हॅमंड कंपनीने १९३९ मध्ये आणलेल्या नोव्हाकॉर्ड या वाद्यात वापरली गेली. त्यात ७२ पट्ट्या आणि १६३ व्हॅक्यूम ट्यूब होत्या. सर्वांत वरच्या सप्तकाचे १२ स्वर स्वतंत्रपणे निर्माण करायचे आणि त्यांची कंपने निम्मी, पुन्हा निम्मी करत खालची सप्तके मिळवायची, ही ती रीत. कंपने निम्मी झाली की तोच स्वर एक सप्तक खाली येतो, हे पेटी वाजवणाऱ्या कोणालाही कानाने ठाऊक असते. ट्यूबची जागा आता चिपने घेतली आहे. मुलांनी ५५५ च्या १२ चिपा मांडल्या, प्रत्येकीला पेचकसाने फिरवता येणारा प्रीसेट लावला आणि निम्मे करण्याचे काम ४०२४ क्रमांकाच्या चिपांवर सोपवले. या रचनेत सर्व स्वर आत सतत चालू असतात; पट्टी दाबल्यावर फक्त त्या स्वराचे दार उघडते.

येथे एक बारीक अडचण येते. सर्व स्वरांच्या तारा एकत्र पिळून थेट ॲम्प्लिफायरला जोडल्या तर एक स्वर दुसऱ्याला दाबून टाकतो आणि चिप तापते. म्हणून प्रत्येक स्वराच्या वाटेत त्याचा स्वतःचा रेझिस्टर ठेवावा लागतो. तो स्वराला किंचित आवरतो आणि शेजाऱ्यांपासून त्याचे रक्षणही करतो. मग १२ जण एकदम बोलले तरी प्रत्येकाचे बोलणे वेगळे ऐकू येते. पुढे एलएम ३८६ ही छोटी ॲम्प्लिफायर चिप आणि जुन्या रेडिओतला स्पीकर जोडला की वाद्य बोलू लागते.

वाद्य बोलू लागले, पण सुरात बोलेना. खरे शिक्षण येथून सुरू झाले.

एकटा स्वर कधीच बेसूर नसतो. सेकंदाला २४० कंपने असोत वा २४३, तो स्वर एकटा असेपर्यंत त्याला चूक ठरवण्यास आधार नाही. सूर हे दोन स्वरांमधले नाते आहे आणि ते दोन्ही एकत्र वाजल्यावरच कळते. षड्ज २४० कंपनांवर आणि पंचम ३६० कंपनांवर असेल तर त्यांचे प्रमाण अचूक दोनास तीन होते आणि दोन्ही मिळून एक संथ, सपाट नाद निघतो. पंचम ३६१ वर गेला की त्या नादात सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. शास्त्रात त्यांना विस्पंद म्हणतात. आठवीतील एका मुलीने मात्र ते पहिल्यांदा ऐकताच, “सर, हे दोघं भांडतायत,” असे सांगितले. पेचकस हळूहळू फिरवत हेलकावे मंदावत नेणे आणि ते थांबले की हात काढून घेणे म्हणजे सूर लावणे. त्यासाठी मोबाइलवरचे मापक लागत नाही, मोठ्या गुरूची संमती लागत नाही, की उच्च कुळातला जन्मही लागत नाही. लागतो तो एक शांत कान आणि थोडा धीर. पेटीचे कारागीर हेच काम पत्ती खरवडून करतात. टोकाशी खरवडली की स्वर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. आमच्या पेटीत पत्तीऐवजी प्रीसेट आहे, एवढाच फरक.

तथापि १२ स्वर सकाळी सुरात लावले की दुपारी पुन्हा बिघडत. बोईसर-तारापूर पट्ट्यातला एप्रिल-मेचा उकाडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. छत तापले की स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरचे मूल्य बदलते. शिवाय प्रत्येक कपॅसिटर आपापल्या मर्जीने बदलत असल्याने १२ स्वर १२ दिशांना सरकत. पॉलिस्टर कपॅसिटर घातल्यावर हा त्रास कमी झाला, पण संपला नाही. तेव्हा दुसरी रीत हाती घेतली. १२ स्वतंत्र चिपांऐवजी एकच वेगवान घड्याळ ठेवायचे आणि त्याचे ठोके वेगवेगळ्या संख्यांनी भागून १२ स्वर मिळवायचे. या रीतीत उष्णतेने घड्याळ सरकले तरी सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकतात. वाद्य किंचित चढते वा उतरते, पण त्यातील नाती अबाधित राहतात.

मग प्रश्न आला, ठोके कोणत्या संख्यांनी भागायचे? माझ्या मते या संपूर्ण उपक्रमातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील मोस्टेक कंपनीने इलेक्ट्रॉनिक ऑर्गनसाठी अशी चिप काढली होती. तिच्यात भाजक आधीच कोरलेले असत: ४७८, ४५१, ४२६, ४०२ असे करत २३९ पर्यंत. हे आकडे सप्तकाचे १२ जवळपास समान भाग करतात. बाजारातील बहुतेक कीबोर्ड आजही हीच समान वाटणी घेऊन येतात. तिचा मोठा फायदा असा की गाणे कोणत्याही पट्टीत नेले तरी ते सारखेच वाजते. तोटा असा की षड्ज-पंचम जवळपास जुळला तरी गांधार जुळत नाही. षड्ज २४० असेल तर षड्जाशी पूर्ण मिळणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा असतो; समान वाटणीत तो सुमारे ३०२.४ वर जातो. दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला नऊ-दहा हेलकावे येतात. तंबोऱ्याच्या साथीने गाणाऱ्याला ते खुपतात.

आमच्या मुलांनी भाजक स्वतः शोधले. षड्जासाठी ७२० ही संख्या धरली तर ऋषभ ६४०, गांधार ५७६, मध्यम ५४०, पंचम ४८०, धैवत ४३२, निषाद ३८४ आणि तार षड्ज ३६० येतो. कोमल ऋषभ ६७५, कोमल गांधार ६००, तीव्र मध्यम ५१२, कोमल धैवत ४५० आणि कोमल निषाद ४००. १२ ही स्वर पूर्णांकात, कोठेही अपूर्णांक नाही. घड्याळाचे ठोके सेकंदाला ३,४५,६०० ठेवले, त्यांना ७२० ने भागले की ४८० आणि ते निम्मे केले की २४० कंपनांचा षड्ज मिळतो. भागण्याचे काम ४०४० क्रमांकाची मोजणी-चिप करते. तिला केवळ दोनाच्या घातांची भाषा कळते, म्हणून ७२० चे ५१२, १२८, ६४ आणि १६ असे तुकडे करून चार डायोड जोडायचे. ज्या मुलांना लसावि हा परीक्षेपुरता प्रकार वाटत होता, ती वहीची पाने भरून लसावि काढत बसली, कारण आता त्या आकड्यातून आवाज निघणार होता.

एवढ्यावर प्रकरण संपले नाही. एकाने ऋषभ आणि धैवत एकत्र दाबले. ऋषभ २७०, धैवत ४००. त्यांच्यात षड्ज-पंचमाचे नाते हवे असेल तर धैवत ४०५ पाहिजे. तो ४०० असल्याने सेकंदाला दहा हेलकावे आले, म्हणजे समान वाटणीतल्या गांधारापेक्षाही किंचित वाईट. धैवत ४०५ केला तर षड्जाशी त्याचे बिघडते. शिवाय ७२० चे माप पुरत नाही, २१६० घ्यावे लागते आणि त्या मापाने धैवताचा भाजक १२८० येतो. सर्व जोड्यांना एकाच वेळी समाधान देणारी कोणतीही १२ स्वरांची वाटणी नाही. समान वाटणी थोडा थोडा बिघाड सर्वांना वाटून देते. दुसरी वाटणी काही नात्यांना पूर्ण न्याय देते आणि त्याची किंमत इतर नाती मोजतात. कोणती वाटणी योग्य, हे निसर्ग ठरवत नाही. माणूस ठरवतो आणि काय वाजवायचे आहे ते पाहून ठरवतो. तयार कीबोर्डात हा निर्णय आधीच झालेला असतो. तो झाला आहे, हेही वाजवणाऱ्याला ठाऊक नसते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला येथे महाराष्ट्रातील एक प्रकरण आठवते. १९१० साली कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. स्वरांची मोजमापे घेताना त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले होते. अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याने त्या कामात रस घेतला आणि या श्रुती वाजवू शकेल अशी पेटी १९११ च्या सुमारास लंडनमध्ये बनवून घेण्यात आली. ४०० आणि ४०५ हे दोन धैवत हवेत की एक, हा आमच्या मुलांपुढचा प्रश्न देवलांच्याच प्रश्नाच्या जातीचा होता. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुती-पेटीवर चर्चा झाली, पण तिला सर्वमान्यता मिळाली नाही. श्रुती गळ्याच्या की गणिताच्या, हा वाद पुढे चालूच राहिला. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांची प्रत्येकी दोन रूपे. म्हणजे शंभर वर्षांनंतरही प्रश्न जिवंत आहे. जिवंत प्रश्नावर काम करण्याचा हक्क आठवीतल्या मुलांनाही आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी घालण्यात आली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. पेटीत मींड निघत नाही, तिचे स्वर समान वाटणीचे आहेत, ती भारतीय संगीताला अपायकारक आहे, हे आक्षेप होते. आक्षेपांत तथ्यांश होता. परंतु त्याच काळात गावोगावच्या भजनांत, तमाशांत आणि आंबेडकरी जलशांतून पुढे फुललेल्या भीमगीतांत पेटी वाजतच राहिली, कारण ती स्वस्त होती, टिकाऊ होती आणि शिकायला सोपी होती. शुद्धतेचा निर्णय एका ठिकाणी झाला आणि लोकांचे गाणे दुसऱ्या ठिकाणी चालू राहिले. एकीकडे हेलकावे ऐकू न येणारा कान आणि दुसरीकडे लोकांची गरज न दिसणारी शुद्धता, या दोन्हींपासून मुलांना वाचवायचे असेल तर सूर कसा लागतो हे त्यांनी स्वतःच्या हाताने अनुभवले पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की मोबाइलवर फुकट वाद्य मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? मोबाइलमधले वाद्य वाजते, हे खरे. पण ते उघडत नाही. त्यातील गांधार खुपला तर मुलाने काय करावे? पेचकस कोठे घालावा? शिकण्याच्या दृष्टीने बिघडणारे आणि दुरुस्त होणारे वाद्य हे कधीही न बिघडणाऱ्या वाद्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

दुसरा आक्षेप दहावीच्या परीक्षेचा. तो गंभीर आहे आणि मी तो टाळू इच्छित नाही. या कामाला वेळ लागतो. परंतु या एका पेटीत विद्युतधारा, ध्वनी, गुणोत्तर, लसावि आणि द्विमान संख्या असे अभ्यासाचे अनेक विषय एकत्र येतात. आठवड्यातील दोन तास याला दिले तर ते अभ्यासातून वजा झाले असे मी मानत नाही.

तिसरा आक्षेप असा की पुढे ऑर्केस्ट्रात किंवा बेंजो पार्टीत वाजवून ज्यांना चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांना समान वाटणीचेच वाद्य लागेल. हे मान्य आहे. आमच्या पेटीत डायोडांची पट्टी बदलली की समान वाटणीही लावता येते. शिवाय बेंजोचा इतिहास काय सांगतो? जपानमधील नागोयात १९१२ च्या सुमारास जन्मलेले ताइशोगोतो हे वाद्य भारतात येऊन बुलबुलतरंग झाले. त्याला पिकअप लावून, ॲम्प्लिफायरला जोडून आपल्याकडील कारागिरांनी त्याचा मिरवणुकीत गर्जणारा बेंजो केला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण ज्याच्या तालावर चालतो, ते वाद्य कोणीतरी उघडले होते, बदलले होते, म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचले.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि तो आपल्या पालकांचा आहे. “आमचं आयुष्य हातानं राबण्यात गेलं. पोरांना शाळेत घातलं ते त्यांनी पेन धरावं म्हणून. तुम्ही त्यांच्या हातात पुन्हा पेचकस देता?” हा प्रश्न मी पालकसभेत ऐकला आहे. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि त्याला सोपे उत्तर देणे उद्धटपणाचे ठरेल.

वाद्यांच्या इतिहासात या वेदनेला पुरावा आहे. ढोलकी, तबला, पखवाज यांचे कातडे कमावणारे हात बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे होते. ज्या मैफलीत ती वाद्ये वाजत, तेथे बसायला त्या हातांच्या मालकांना जागा नव्हती. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर प्रसिद्ध आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तो व्यवसाय उभा केला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. गायकांची चरित्रे आपण वाचतो. त्यांचा तंबोरा ज्याने जुळवला त्याचे नाव क्वचितच कोठे आढळते. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. घडवणारा एक, सूर ठरवणारा दुसरा आणि मान मिळवणारा तिसरा, अशी वाद्यांच्या बाबतीत ती विभागणी झाली. अपमान हातकामात नव्हता. ज्ञान आणि प्रतिष्ठा यांच्यापासून हात तोडला गेला, तेथे अपमान होता. पालकांना माझे नम्र सांगणे आहे की पेन आणि पेचकस एकाच मुठीत आले, तर ती जुनी फाळणी मोडते. जो मुलगा भाजक वहीत काढतो, तोच डाख देतो आणि तोच सूर ऐकतो, तो कोणाचा हेल्पर होण्यासाठी शिकत नाही.

बाबासाहेब व्हायोलिन शिकत असत, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांचे व्हायोलिन पुण्यातील सिंबायोसिसच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते. व्हायोलिनला पडदे नसतात; बोट कोठे ठेवायचे हे कोणी आखून दिलेले नसते, प्रत्येक स्वर वादकाला स्वतःच्या कानाने शोधावा लागतो. ग्रंथ आणि राजकारण यांच्या धकाधकीत असे वाद्य हाती धरणाऱ्या माणसाच्या लेकरांनी तयार पट्ट्यांवर समाधान का मानावे?

शेवटी थोडे व्यवहाराविषयी. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक, कापड आणि पोलाद कारखान्यांत काम करतात. काही जण आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड करून देखभाल विभागात आहेत. दाबमापकाचा काटा प्रमाणाशी ताडून पाहणे, म्हणजे ज्याला तुम्ही कॅलिब्रेशन म्हणता, ते तुमचे रोजचे काम. सूर लावणे हे त्याचेच भावंड आहे. काही शे रुपयांच्या चिपा आणि कपॅसिटर, पाच-सहा सोल्डरिंग गन, चांगले पेचकस, दोन-तीन मल्टिमीटर आणि मिळाल्यास एखादा जुना, चालू स्थितीतला ऑसिलोस्कोप, एवढ्यावर एक गट वर्षभर काम करू शकेल. निकामी रेडिओ, स्पीकर आणि मोडके कीबोर्ड भंगारात घालण्यापूर्वी शाळेची आठवण ठेवावी. विजेच्या कामात सुरक्षितता प्रथम, म्हणून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल एवढेच काम मुलांच्या हाती दिले जाते, हेही पालकांनी जाणून घ्यावे.

ज्यांना तारपा घडवता येतो, अशा पालकांनाही माझे निमंत्रण आहे. दोन नळ्या एकमेकींशी कशा जुळवतात, हे त्यांनी मुलांना दाखवावे. त्यांच्या शेजारी बसून मुले आपल्या पेटीचे हेलकावे त्यांना ऐकवतील. कोण कोणाला शिकवेल, हे आधी ठरवण्याची गरज नाही.

कीबोर्ड येऊच नये, असा माझा आग्रह नाही. तो यावा, पण दुसरा यावा. मुलांची पेटी पुरी झाल्यावर तो आला, तर ती त्याच्यावर षड्ज आणि गांधार एकदम दाबतील, कान देतील आणि विचारतील की या गांधाराची जागा कोणी ठरवली. तो प्रश्न विचारू शकणारी मुले या शाळेतून बाहेर पडावीत, यासाठी आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.